रमेशचं बाकावर सापडलं, माझं खाटेवर

आधीच सांगून टाकतो, मी बिडी ओढत नाही. कधीच ओढली नाही. पहिल्याच ओळीत हे लिहायचं कारण असं की गेल्या दोन वर्षांत मला जो भेटला त्यानं, डॉक्टरपासून सोयऱ्या-धायऱ्यांपर्यंत, पहिला प्रश्न हाच विचारला. मी नाही म्हटलं की लोक "असं का" म्हणतात आणि माझ्याकडं खोटारड्याकडं पाहावं तसं पाहतात. पूर्वी मी अशा माणसाशी भांडलो असतो. आता भांडायला दम पुरत नाही, म्हणून लिहून ठेवतो.

माझं नाव सुभाष. बुलढाणा जिल्ह्यातल्या धाडजवळच्या एका खेड्यात राहतो. पंचवीस वर्षं थ्रेशर चालवलं. मला फुफ्फुसाचा कायमचा आजार आहे. डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात, गाव दमा म्हणतं. तो बरा होत नाही. हे मी स्वीकारलंय असं लिहिलं तर ते खोटं होईल, पण त्याची सवय झालीय.

लिहायला बसलो ते माझ्या मुलासाठी, किरणसाठी. तो अठ्ठावीस वर्षांचा आहे. आता थ्रेशर तो चालवतो आणि सकाळी उठल्यावर खोकतो. पलीकडच्या खोलीतून तो खोकला ऐकत मी पडलेला असतो. त्याच्या छातीचं माझ्यासारखं होऊ नये, एवढीच एक गोष्ट मला आता हवी आहे.

गुळाचा खडा

आम्ही दोघे भाऊ. मी थोरला, रमेश चार वर्षांनी धाकटा. दोघांनी मिळून ट्रॅक्टरवर चालणारं थ्रेशर घेतलं आणि दसऱ्यापासून होळीपर्यंत गावोगावची मळणी करत हिंडलो. आधी सोयाबीन, मग तूर, मग हरभरा, शेवटी गहू. मी थ्रेशरच्या तोंडाशी उभा राहून सुडीतलं, म्हणजे कापून रचलेल्या ढिगातलं, पीक आत लोटायचो, रमेश पोत्यांच्या बाजूला असायचा. मागून कुटार, म्हणजे भुसा, उडायचं आणि वारा फिरला की ते सगळं आमच्या अंगावर यायचं. तोंडाला दुपट्टा बांधायचो, पण तो घामानं भिजला की श्वास घेता यायचा नाही, मग अर्ध्या तासात तो गळ्यात. संध्याकाळी नाक शिंकरलं की काळं निघायचं. त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं.

एक वावर झालं की शेतमालकानं आमच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा, हा आमच्याकडचा रिवाज. गुळानं धूळ खाली उतरते, छाती मोकळी होते, असं माझे वडील सांगायचे. मीही तेच मानत आलो. एखाद्यानं गूळ दिला नाही तर मी त्याला चारचौघांत बोलायचो. "माह्या माणसाईच्या छातीत धूळ गेली, अन् तू साधा गूळ देत नाई?" असं म्हणून मी शेतमालकांना लाजवलंय. पंचवीस वर्षांत गूळ मागितला, मास्क एकदाही मागितला नाही.

पुढं दवाखान्यात हे मी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, गुळाची वाट वेगळी आणि धुळीची वाट वेगळी. गूळ पोटात जातो. धूळ कुठं गेली ते तुम्ही आता पाहताय." मला स्वतःचीच लाज वाटली.

खोकला होताच. पण थ्रेशरवरच्या कुणाला नव्हता? तो हंगामाचा खोकला. दसऱ्याला यायचा आणि होळीला जायचा. मग तो अक्षय्य तृतीयेपर्यंत राहायला लागला. मग पाऊस लागला तरी जाईना. गावातले डॉक्टर सुई द्यायचे, दोन दिवसांत बरं वाटायचं. त्यांना दोष देत नाही, बुलढाण्याला जाऊन छाती दाखवा असं त्यांनी मला दोन-तीनदा सांगितलं होतं. मी एकदाच काय ते केलं, थुंकी तपासायला दिली. टीबी नाही असं कळलं आणि मी गल्लीत पेढे वाटले. माझ्या मते विषय तिथं संपला.

रमेशचं बाक

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. रमेशच्या बायकोचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, म्हणून तो बुलढाण्याच्या एका दवाखान्यात गेला होता. ती आत, हा बाहेर बाकावर. बसल्या बसल्या खोकत होता. शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरांनी दोन-तीनदा ऐकलं आणि बाहेर येऊन विचारलं, काम काय करता? थ्रेशर म्हटल्यावर त्याला आत नेलं, एका नळीत जोरात फुंकायला लावलं. संगणकावर रेघ उमटली. डॉक्टर म्हणाले, तुमची फुफ्फुसं वयाच्या मानानं बरीच थकलीत, पण वेळेत आलात. हे काम सोडा, हा पंप रोज ओढा. आणि जाताना विचारलं, "मशीनवर अजून कोण असतं?" रमेशनं माझं नाव सांगितलं. "मग त्यांनाही घेऊन या."

रमेश घरी आला तो थेट माझ्याकडं. मी ओट्यावर चहा पीत होतो.

"दादा, तू बी चाल एकडाव. फक्त नळीत फुकाचं हाय. सुई नाई, काई नाई."

"मले काय झालं बे?" मी म्हणालो. "बायकोचा डोळा दाखवाले गेला अन् सोताची छाती दाखवून आला. उद्या मले घेऊन जाशीन तं ते माहं गुडघं कापतीन."

तो तीनदा आला. तिसऱ्यांदा मी त्याला स्टँडवर लोकांसमोर बोललो. त्यानं त्या दिवसांत थ्रेशरमधून अंग काढून घेतलं होतं आणि वावरात मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, वांगी लावायला घेतली होती. खिशात पंप असायचा. मी म्हटलं, "आमचे रमेशराव आता सोयाबीनवर फवारत नाईत, घशात फवारतात." लोक हसले. रमेशही थोडा हसला आणि सायकल घेऊन निघून गेला. त्यानंतर त्यानं मला कधी चल म्हटलं नाही.

खरी चूक याच्या पुढची आहे. रमेश गेला म्हणून पोत्यांच्या बाजूला माणूस हवा होता. किरण तेव्हा बुलढाण्यात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. चांगला रुळला होता. मी त्याला फोन करून बोलावून घेतलं. "तुहा काका भित्रा निघाला," असं म्हणालो. "आता तूच ये." आणि पोरगा आला.

हरभरा

हरभऱ्याच्या धुळीला आंब असते, पानावरचा आंबट खार. डोळे चुरचुरतात, घसा सोलल्यासारखा होतो. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आम्ही हरभरा काढत होतो. दोन दिवस सर्दी होती. सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. मी वाकून पिकाची एक कव आत लोटली आणि उभा राहिलो तर श्वास आत येईना. बाहेरही जाईना. तोंड उघडं आणि मध्ये काहीच नाही. मी हात वर केला. किरणनं ट्रॅक्टर बंद केला.

"बाबा, ओठ काळे पडून राह्यले तुमचे!"

त्या दिवशी धाडचा बाजार होता. रस्त्यावर बाजाराला निघालेली जीप आली, थैल्या-टोपल्या घेतलेल्या माणसांनी खचाखच भरलेली. किरण जीपला आडवा गेला. कुणी एक शब्द विचारला नाही. सगळे खाली उतरले, आपापल्या थैल्या घेऊन उन्हात उभे राहिले आणि जीप मला घेऊन बुलढाण्याला सुटली. त्यातल्या एकाचंही नाव मला माहीत नाही. एका म्हातारीनं चाक फिरता फिरता माझ्या मांडीवर तिची पाण्याची बाटली टाकली होती.

दवाखान्यात बिछान्यावर टाकल्यावर डॉक्टर मॅडमनी विचारलं, "दम कधीपासून लागतो?"

"आजच," मी बोटानं खुणावलं.

माझी बायको शोभा मागून पोहोचली होती. ती म्हणाली, "खोटं बोलून राह्यले, मॅडम. चार वर्सं झाले, वावरातून घरी येऊस्तोवर तीनदा बसतात. इचारलं तं म्हणतात, चप्पल सैल झाली."

मी चप्पल सैल झाल्याचं सांगायचो हे खरं आहे. ते तिला कळत होतं हे मला त्या दिवशी कळलं.

मग तोंडावर तो मास्क बसवला. ऑक्सिजनचा साधा मास्क नाही, घट्ट पट्ट्यांचा, यंत्रातून जोरानं हवा आत ढकलणारा. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरतात तशी ती आत घुसायची. मी श्वास सोडायच्या आधीच पुढची यायची. मी मास्क ओढून काढला. पुन्हा बसवला. पुन्हा काढला. शेवटी त्यांनी बँडेजच्या पट्टीनं माझे दोन्ही हात खाटेला बांधले. ज्या हातांनी पंचवीस वर्षं थ्रेशरच्या तोंडात पीक लोटलं ते हात बांधलेले, आणि पायाशी किरण उभा. तो भिंतीकडं पाहत होता. मी मरतो की जगतो यापेक्षा त्यानं मला असं पाहिलं याचं मला जास्त वाईट वाटत होतं.

चौथ्या दिवशी मास्क निघाला. पाचव्या दिवशी मॅडम खाटेवर टेकल्या आणि बोलल्या. त्यांचं बोलणं मला जसंच्या तसं आठवतं. "काका, हा आजार परवा झालेला नाही. तो दहा-पंधरा वर्षं तुमच्यासोबत राहतोय. तुमची आणि त्याची ओळख आता होतेय, इतकंच. जे गेलं ते परत येत नाही. जे उरलंय ते सांभाळायचं."

"उरलं किती?" मी विचारलं.

त्यांनी उठून माझ्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. तेच उत्तर होतं.

रमेश रोज डबा घेऊन यायचा. पालकाची भाजी, ज्वारीची भाकर. खाटेजवळ बसायचा, माझे पाय चेपायचा. मी वाट पाहायचो की आता म्हणेल, आता म्हणेल, दादा मी सांगितलं होतं. तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं, मी चिडलो असतो आणि थोडं हलकं वाटलं असतं.

वॉर्डात एक मावशी होत्या, फरशी पुसणाऱ्या. मला जिना चढल्यासारखा दम लागलेला पाहून त्यांनी पोछा ठेवला. म्हणाल्या, "भाऊ, गरम दूध कसं फुकता? तसे ओठ करा. हळू सोडा. घ्याची घाई करू नका, सोडाची घाई करू नका." मॅडमनीही नंतर तेच शिकवलं. पण पहिल्यांदा जमलं ते मावशींमुळं. आजही दम लागला की मी ओठ तसे करतो.

घरी

घरी आलो म्हणजे बरा झालो, असं मला वाटलं होतं. गावालाही. पहिल्या आठवड्यात ओट्यावर रांग लागली होती आणि प्रत्येकजण एक औषध सांगून गेला. अडुळसा, काळं मीठ, कुणाच्या मेहुण्याला लागू पडलेली पुडी. तिसऱ्या आठवड्यात कुणी आलं नाही.

आता माझा दिवस असा. आंघोळ स्टुलावर बसून. डोक्यावरून पाणी घेताना मध्ये दोनदा थांबायचं. शर्टाची बटणं लावली की पाच मिनिटं बसायचं. संडासला जायचं तर आधी ठरवायचं, मग उठायचं, मग दाराला टेकायचं, मग जायचं. जेवताना बोलायचं नाही, बोलताना चालायचं नाही. खोलीच्या कोपऱ्यात ऑक्सिजनचं यंत्र गुरगुरत असतं. नळी अंगणातल्या तुळशीपर्यंत पुरते, त्याच्या पुढं नाही. लाइट गेली की शोभा सगळं टाकून धावत येते आणि सिलेंडर उघडते. आमच्याकडं लाइट कशी जाते ते ज्याला माहीत आहे त्याला वेगळं सांगायला नको.

पंप मी सहा महिने चुकीचा घेत होतो. तोंड उघडून आत फवारायचो आणि लगेच बोलायला लागायचो. शिवाय संपेल म्हणून रोज घ्यायचा तो फक्त दम लागल्यावर घ्यायचो. एक दिवस रमेश मेथीची जुडी द्यायला आला, त्यानं पाहिलं.

"दादा, असं नाई. आंधी सगळा श्वास सोड. मंग ओठ गच्च लाव. दाबलं का हळूहळू ओढ. आता दहापर्यंत मोज मनात."

मी चारच मोजू शकलो. तो म्हणाला, "चार बी लय झाले." त्यानं स्वतः घेऊन दाखवला. स्टँडवर ज्या पंपाला मी हसलो होतो तोच पंप. मला त्याच्याकडं पाहवेना.

शोभाचं लिहिलं नाही तर अन्याय होईल. फोडणीच्या वासानं मला ठसका लागतो, म्हणून ती दोन वर्षं बिनफोडणीचं शिजवते आणि तेच खाते. दोन वर्षांत माहेरी गेली नाही. तिच्या भावाच्या मुलीच्या लग्नाला अक्षता टाकून त्याच पावली परत आली. एकदा मी ताट सरकवलं, म्हणालो, याला काय चव आहे? ती म्हणाली, "तुमच्या आंधी माहा दम संपन एक दिवस. मंग घाला फोडणी." आणि माझ्या चुलत्याच्या घरी जाऊन तासभर बसली. तो तासभर मी घड्याळाकडं आणि दाराकडं पाहत होतो. ती आली. तिनं ताट उचललं, मी तोंड फिरवलं.

दोन वर्षांत मी तीनदा भरती झालो. दर वेळी घरी येताना थोडा कमी होऊन येतो. पहिल्या भरतीनंतर मी शाळेपर्यंत चालायचो, दुसरीनंतर मारुतीच्या देवळापर्यंत, आता तुळशीपर्यंत. रमेश या सहा वर्षांत एकदाही भरती झाला नाही. त्याचाही आजार आहेच, बरा झालेला नाही, थंडीत त्यालाही त्रास होतो. पण तो पहाटे भाजी तोडतो आणि धाडच्या बाजारात विकून येतो. आमचं रक्त एक, थ्रेशर एक, धूळ एक. त्याचं फुफ्फुस मुळातच माझ्याहून बळकट असेल काय, असं मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, असेलही, पण तो चालत आला होता आणि तुम्हाला उचलून आणलं होतं. वॉर्डात मी पाहिलंय, ज्यांना माझ्यासारखं पहिल्यांदा खाटेवर कळलं तेच चेहरे पुन्हा पुन्हा भेटतात. एक मोताळ्याकडची आजी होती, सगळा जन्म चुलीपुढं गेलेली. दुसऱ्या वेळी ती मला पाहून हसली. तिसऱ्या वेळी तिची खाट दुसऱ्याला दिलेली होती.

म्हणून हे वाचणाऱ्याला हात जोडून सांगतो. धुळीत, धुरात काम असेल आणि वाटेत बसावं लागत असेल, तर चपलेला दोष देऊ नका. टीबी नाही म्हणाले म्हणून पेढे वाटू नका. ज्या दिवशी पायांनी जाता येतं त्या दिवशी जा आणि नळीत फुंकून पाहायची ती तपासणी मागा. मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. सख्ख्या भावानं तीनदा सांगितलं होतं.

किरण

किरणला मी किती वेळा सांगितलं ते मोजलं नाही. "जा, फुकून ये." त्याचं उत्तर ठरलेलं. "मले काय झालं, बाबा?" हे वाक्य त्यानं कुणाकडून उचललं ते मला माहीत आहे. पूर्वीचा मी असतो तर मानगुटीला धरून नेला असता. आता मी रागावायला लागलो की तिसऱ्या शब्दाला खोकला येतो, तो पाण्याचा पेला देतो आणि विषय संपतो. बापाच्या धाकाला सुद्धा हवा लागते हे मला माहीत नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात मला तपासणीला न्यायचं होतं. किरणच घेऊन गेला. मॅडमनी मला तपासलं आणि वर पाहिलं. "आता मशीन तुम्ही चालवता ना? बसा इथं." तो नाही म्हणू शकला नाही, कारण बाहेर रांग होती आणि मॅडमच्या हातात नळी होती. त्यानं फुंकलं. तीनदा फुंकलं. मी बाहेर बाकावर बसून सिस्टरचं "अजून, अजून, अजून" ऐकत होतो.

श्वासनळ्या अरुंद व्हायला लागल्यात, मॅडम म्हणाल्या. सुरुवात आहे. औषध घेतलं आणि धुळीपासून लांब राहिला तर पुढची कितीतरी वर्षं त्याला काही जाणवणारही नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. हीच तर गोष्ट मला हवी होती, त्याचं बाकावर सापडावं. पण मला दिसत होता तो मोबाइलच्या दुकानातला पोरगा, बारीक स्क्रू चिमट्यानं उचलणारा, ज्याला मी फोन करून बोलावून घेतलं. मला रडू आलं. रडण्यानं दम लागला. सिस्टर ऑक्सिजन घेऊन धावली, मॅडम उठून आल्या, किरण माझी पाठ चोळत बसला. पोराचा आजार सापडला त्या दिवशीही सगळी धावपळ माझीच.

घरी आल्यावर रमेशला बोलावलं. तो लगेच म्हणाला, "किरण, माह्या वावरात ये. दोघं मिळून भाजीपाला करू. पोट भरते."

"मंग थ्रेशर?" किरणनं विचारलं.

"माणूस लाव," मी म्हणालो. "एखादा पोरगा पाह्य बाहेरचा."

किरणनं माझ्याकडं पाहिलं. त्यात राग नव्हता. "त्याले फुफ्फुस नाई काय, बाबा?"

शोभा आत निघून गेली. शेवटी किरणच म्हणाला की गावोगावच्या लोकांना सोयाबीनचा शब्द देऊन ठेवलाय, यावर्षीचा हंगाम काढतो आणि मग काकाच्या वावरात येतो. मॅडमनी चांगला जाड मास्क लिहून दिला होता, तो आणला. तो बांधूनच मशीनवर उभा राहीन, म्हणाला. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला. मी त्याच्या अंगावरून हात फिरवला, आणखी काय करणार होतो?

दसरा झाला, सोयाबीन सुरू झालं. पहिले चार दिवस मी नुसता विचारायचो, मास्क लावतोस ना? हाव, म्हणायचा. पाचव्या दिवशी दुपारी मी शोभाला व्हिडिओ कॉल लावायला सांगितलं. बराच वेळ वाजला. थ्रेशर बंद झाल्याचा आवाज आला आणि त्याचा चेहरा दिसला. मागं सुडी, आभाळभर कुटार आणि तोंडावर मास्क. शोभा म्हणाली, "पाहा, लावलाय त्यानं. उगा काळजी करता."

माझंही मन भरलं. पण मी बापही आहे आणि पंचवीस वर्षं थ्रेशरवर उभा राहिलेला माणूसही आहे.

"किरण," मी म्हणालो. "काढ तो. आतून दाखव."

"काऊन?"

"दाखव."

त्यानं मास्क काढून फोनसमोर धरला. आतून पांढराशुभ्र होता, दुकानातून आणला तसा. शोभा हसली. मग त्यानं हात खाली केला आणि मला त्याचं तोंड दिसलं. मिशी धुळीनं मातकट झाली होती. नाकपुड्यांच्या कडा काळ्या होत्या. मास्क सकाळपासून तोंडावर असता तर तिथं धूळ पोहोचली नसती. फोन वाजला तेव्हा त्यानं तो खिशातून काढून चढवला होता.

"पाह्यला ना, बाबा? लावला ना?"

मला त्याला पुष्कळ सांगायचं होतं. पण ते सांगायला जेवढा श्वास लागतो तेवढा माझ्याकडं नव्हता, आणि तो माझ्याकडं हसून पाहत होता.

"हाव," मी म्हणालो.

त्याच्या मागं कुणीतरी ट्रॅक्टर सुरू केला आणि फोन कट झाला.